सुताला नंबर आहे, बॅटरीला नुसतं स्टिकर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात शेवटच्या पानावर बॅटरीवरच्या फवारणी पंपाची जाहिरात होती, "एका चार्जमध्ये २५ टाक्या", आणि खाली बारीक अक्षरात काहीच नाही. बारीक अक्षरात काहीतरी असतं तरी बरं वाटलं असतं, निदान लपवण्यासारखं काहीतरी आहे एवढं तरी कळलं असतं. नोझल कुठला, प्रेशर किती, बॅटरी नवी का वर्षभर वापरलेली, काही पत्ता नाही. मंगळवेढ्याला माझ्या मेव्हण्याकडं असाच पंप आहे, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरचा, पहिल्या हंगामात १४-१५ टाक्या निघाल्या, दुसऱ्या हंगामात सातवर आला. तो म्हणतो बॅटरी म्हातारी झाली, मी म्हणतो २५ कधी नव्हत्याच. पण पत्र पंपावर नाहीये, ती जाहिरात बघून बॅटरीवर छापलेल्या, कसा मोजला ते न सांगणाऱ्या आकड्यांवरचा माझा जुना राग वर आला त्याच्यावर आहे. जरा लांबेल. कापायचं झालं तर माझी बडबड कापा, आकडे तेवढे ठेवा.

मी सोलापुरात साखर पेठेत राहतो, उभा जन्म सुताच्या व्यापाऱ्याकडं हिशेब लिहिण्यात गेला, आता रिटायर. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याच्यामुळं मला या वयात रिमोटच्या विमानाचा नाद लागला. फोमचं विमान, दोन हात लांब पंख, पुढं मोटर. रविवारी पहाटे आम्ही चार-पाच जण होटगी रोडच्या विमानतळापासून लांब, गावाच्या पार उलट्या बाजूला एका माळावर जातो आणि ऊन चढायच्या आत परत. बायको म्हणते घरातला पंखा दुरुस्त होत नाही आणि हे विमानं उडवतात. तेही खरंच आहे.

तर या विमानाला लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी लागते. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी, साबणाच्या वडीपेक्षा थोडी लांबट, मऊ पाकिटासारखे तीन सेल एकावर एक, प्रत्येक ३.७ व्होल्टचा, मिळून ११.१, फुल चार्ज केली की १२.६. त्यावर दोन आकडे असतात. एक कपॅसिटी, म्हणजे २२०० एमएएच, हे मोबाइलमुळं सगळ्यांना माहितीय. दुसरा "सी". २५ सी, ५० सी, १०० सी. अर्थ सोपा आहे, कपॅसिटीला त्या आकड्यानं गुणायचं की बॅटरी सलग किती करंट देऊ शकते ते निघतं. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-अवर, त्याला २५ नं गुणलं की ५५ अँपिअर. १०० नं गुणलं तर २२० अँपिअर. आता २२० अँपिअर म्हणजे काय हे वेल्डिंगवाल्याला विचारा, तो हसेल.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा संपली त्या आठवड्यात आम्ही एका ऑनलाइन दुकानातून १०० सी ची जोडी मागवली. १६५० ला एक. शेजारी एका दुसऱ्या कंपनीची २५ सी वाली २१०० ला होती. आम्ही म्हटलं चौपट ताकद आणि वर साडेचारशे रुपये स्वस्त, घेऊन टाकू. इथंच आम्ही आमची अक्कल गहाण टाकली, दुकानदाराला नंतर शिव्या देतो पण ही चूक आमची.

पहिल्या पाच-सहा फ्लाइट झाल्या बऱ्या. मग एप्रिलमधे एका सकाळी विमान वर चढताना फुल थ्रॉटलला मोटर एकदम बंद, म्हणजे हळू नाही झाली, बंदच, कारण मोटरच्या कंट्रोलरला वाटलं बॅटरी संपली, आणि विमान नाकावर आलं ते थेट बाभळीत. बॅटरी हातात घेतली तर गरम भाकरीसारखी, आणि फुगलेली. फुगलेली लिपो लई वाईट गोष्ट असते, पेट घेऊ शकते, आम्ही ती वाळूच्या बादलीत ठेवून अर्धा तास लांब उभे राहिलो, पोरांची नुसती "का बे, फुटंल का, का बे, फुटंल का" सुरू. फुटली नाही.

घरी आल्यावर माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. जोडीतली दुसरी बॅटरी शाबूत होती, ती काढली. आधी वजन. २२०० ची तीन सेलची लिपो साधारण १७० ते १९० ग्रॅम भरते, पुतण्याच्या मित्राकडची जुनी २५ सी वाली १८४ भरली. आमची १४१. म्हणजे माल आत घातलेलाच नाही तर करंट येणार कुठून. मग चार्जरवर लावून एक अँपिअरनं सावकाश रिकामी केली, १७४० एमएएच निघाले, लेबलवर २२००. मग सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेल स्वतःच करंटला किती अडवतो ते, हा आजकालच्या बऱ्या चार्जरमधे मोजता येतो, मिलिओहममधे येतो, जितका कमी तितकी बॅटरी चांगली. मित्राच्या बॅटरीचे सेल पाच-पाचच्या आसपास. आमचे १५, १६ आणि २२.

आता विमान का पडलं ते बघा. आमची मोटर फुल थ्रॉटलला ३२ अँपिअर ओढते, वॉटमीटर लावून मोजलंय. तीन सेल मिळून ५३ मिलिओहम, त्यातनं ३२ अँपिअर गेले की १.७ व्होल्ट आतल्या आत गायब. त्या २२ वाल्या एकट्या सेलचे ०.७ व्होल्ट जातात, अर्ध्या चार्जला ३.७ वर असलेला सेल लोड आला की तीनवर येतो, तिन्ही मिळून ११.१ वरनं ९.४ वर, कंट्रोलर म्हणतो संपली. आणि जे व्होल्ट गायब झाले ते कुठं जात नाहीत, उष्णता होऊन आतच राहतात, ३२ अँपिअरला ५४ वॉट. एक चांगला सोल्डरिंग आयर्न बॅटरीच्या पोटात चालू ठेवल्यासारखं. २२० अँपिअरच्या बॅटरीनं ३२ ला मान टाकली.

मग एक दिवस सहज स्टिकरचा कोपरा सुटलेला दिसला म्हणून ओढला. खाली दुसरं स्टिकर. ३५ सी. त्याच्याखाली अजून काही असेल म्हणून नख घातलं, पण तिथं प्लास्टिकच होतं.

दुकानाला फोन केला. पोरगा सभ्य होता, मराठीच होता. म्हणाला काका तो बर्स्टचा, म्हणजे थोडाच वेळ देता येणाऱ्या करंटचा, आकडा आहे. म्हटलं बर्स्ट म्हणजे किती सेकंद. म्हणाला पाच असेल, दहा असेल, कंपनीनं दिलेलं नाही. म्हटलं मग १०० कशाच्या आधारावर लिहिलं. म्हणाला, "काका, सगळेच लिहितात की." यावर काय बोलणार. आणि खरं सांगू का, तो खोटं बोलत नव्हता. सगळेच लिहितात. ६५, ७५, १००, १२०, दरवर्षी आकडा वाढतो, आतला सेल तोच.

१०० सी म्हणजे काय होतं याचा मी एकदा कागदावर हिशेब मांडला, तो तुमच्या वाचकांसाठी देतो, कारण कुणीही तपासू शकतं. समजा चांगली बॅटरी आहे, सेल चार-चार मिलिओहमचे, एकूण १२. ५५ अँपिअर काढले तर ०.६६ व्होल्ट जातात आणि ३६ वॉट उष्णता होते. ५५ अँपिअरला २२०० ची बॅटरी १४४ सेकंदात रिकामी होते. या मालाला तापायला ढोबळमानानं ग्रॅममागं एका अंशाला एक ज्यूल लागतो, बॅटरी १८० ग्रॅमची, वारा लागत नाही असं धरलं तर तापमान साधारण २९ अंशांनी वाढतं. २५ वरून सुरू केलं तर ५४ वर थांबते. लिपोला ६० च्या वर नेऊ नये असं सगळे जाणते सांगतात, म्हणजे ही बॅटरी २५ सी ची आहे हे प्रामाणिक.

तीच बॅटरी १०० सी म्हणून वापरू. २२० अँपिअर, बॅटरी ३६ सेकंदात रिकामी, उष्णता ५८० वॉट. घरातला मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो, तेवढी सगळी उष्णता साबणाच्या वडीत. ११६ अंशांची वाढ. हे होणं शक्यच नाही, त्याच्या आधीच ती पेटेल, नाहीतर व्होल्टेज पडून मोटर बंद होईल. दावा खरा व्हायचा तर सेल एक-एक मिलिओहमचा पाहिजे, आणि २२०० एमएएच मधे असा सेल माझ्या हातात आजवर एकही आलेला नाही. बरं बाकीचं सोडा, त्या बॅटरीला जो कनेक्टर लावलेला असतो त्याचं नावच एक्सटी ६०. साठ अँपिअरच्या कनेक्टरमधनं २२० काढतो म्हणतात. काही दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या गावात अर्ध्या इंचाच्या तोटीतनं उजनी धरणाचा दरवाजा सोडतो म्हटल्यासारखं झालं हे.

आणि वरचा हिशेब २५ अंशाचा होता. आपल्याकडं २५ अंश कधी असतं हो? मे मधे सावलीत ४२ असताना ६० पर्यंत पोचायला ३५ नाही, १८ च अंश हातात राहतात. म्हणजे पुस्तकातली २५ सी ची प्रामाणिक बॅटरीसुद्धा सोलापुरात मे मधे दुपारी २५ सी ची राहत नाही. त्यात गंमत अशी की बॅटरी गरम असताना तिचा अंतर्गत रोध कमी दिसतो. जानेवारीच्या पहाटे मोजला तर जास्त, मे मधे दुपारी कमी, तीच बॅटरी. म्हणून ज्याला आकडा फुगवायचाय तो बॅटरी आधी शेकून घेतो आणि मग मोजतो, आणि लेबलवर तापमान लिहीत नाही. शर्यतीत गाड्या पळवणारे लोक मुद्दाम बॅटरी गरम करून ट्रॅकवर आणतात, ते ठीक आहे, तो खेळ आहे. पण लेबल म्हणजे खेळ नाही.

आता मला सुताचं आठवतं. आमच्या धंद्यात सूत नंबरावर विकलं जातं. १० नंबर, २० नंबर, दोन-वीस (२० नंबरचे दोन पदर). हा नंबर कुणाच्या मनातला नाही. ८४० वाराची एक लडी धरायची, एका पौंडात अशा २० लड्या बसल्या तर ते २० नंबर सूत. बस. रीळवर १२० वार, म्हणजे लडीचा सातवा हिस्सा, गुंडाळायचं, काट्यावर टाकायचं, आकडा समोर. मी असे व्यापारी बघितलेत की जे सख्ख्या भावाला फसवतील, पण १६ नंबरचं सूत २० नंबर म्हणून पूर्व भागातल्या कारखानदाराच्या गळ्यात मारायची त्यांची हिंमत नव्हती, कारण त्याच्याकडं रीळ आणि काटा होता आणि तो तिथल्या तिथं उघडं पाडायचा.

मग ते दुसरीकडनं हात मारायचे. सूत वजनावर जातं आणि कापूस पाणी पितो. गोदामात पाणी शिंपडून ठेवलं की वजन वाढलं. त्याच्यावरही उत्तर आहे, कापसाच्या सुताला ओलाव्याचं प्रमाण ठरलेलंय, कोरड्या वजनावर साडेआठ टक्के, त्याच्या वरचं पाणी व्यापाऱ्याच्या खात्यातनं वजा. म्हणजे बघा, नंबर तर ठरवलाच, पण नंबर मोजताना हवा कशी होती तेसुद्धा ठरवलं. बॅटरीत तापमानाचं जे आहे ते सुतात ओलाव्याचं. हे कापडवाल्यांना आपल्या पणजोबांच्या आधी कळलं होतं. आज टॉवेल घ्यायला गेलात तर गिऱ्हाईक जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, विचारतं आणि शंका आली तर चौकोनी तुकडा कापून वजन करतं. बॅटरीचा सी चा आकडा मात्र कुणालाच तपासता येत नाही, कारण तो कसा मोजायचा हेच कुठं लिहिलेलं नाही.

नियम अजिबातच नाहीत असंही नाही, ते सांगितलं नाही तर मी पण अर्धवट बोलल्यासारखं होईल. आयईसी ६१९६० म्हणून आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात छोट्या लिथियम सेलची कपॅसिटी कशी मोजायची ते दिलंय, पाच तासात रिकामी होईल अशा बेतानं, सावकाश. मोबाइलला ते ठीक. पण आमची बॅटरी पाच तास नाही, पाच मिनिटात रिकामी करायची असते, तिथं ते मानक आमच्या कामाला येत नाही. दुसरं आपल्याकडचं बीआयएस चं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, आयएस १६०४६, ते सेफ्टीचं. पोर्टेबल वस्तूंच्या लिथियम बॅटरीला त्याचं रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, लेबलवर आर नं सुरू होणारा नंबर असतो आणि बीआयएस केअर ॲपमधे तो टाकून खरा का खोटा बघता येतो. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या मिळून ११ बॅटऱ्या बघितल्या, दोनवरच आर नंबर होता. पण ते असू दे. माझा मुद्दा असा की तो नंबर असला तरी तो एवढंच सांगतो की शॉर्ट केली, जास्त चार्ज केली तर काय होतं त्याची टेस्ट झालीय. १०० सी खरं का खोटं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. दुकानात मात्र शिक्का दाखवून सांगतात, "बघा सर्टिफाइड आहे". हॉलमार्क सोन्याचा असतो, दागिना अंगाला शोभतो का नाही याचा नसतो.

कायद्याचं पण तेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे खोट्या जाहिरातीवर १० लाखापर्यंत दंड आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, मी केला पण, तक्रार नोंदवून घेतली, चांगलं बोलले. पण तक्रारीत लिहिणार काय? कपॅसिटी कमी निघाली हे लिहिता आलं, कारण ती मोजता येते. सी खोटा आहे हे लिहायला गेलो की समोरचा विचारणार, सी ची व्याख्या दाखवा. किती सेकंद, किती तापमानापर्यंत, किती व्होल्टला थांबायचं? आणि ती व्याख्या कुणीच केलेली नाही. जी गोष्ट ठरलेलीच नाही ती मोडली असं कोर्टात म्हणता येत नाही. म्हणून हा आकडा इतका बिनधास्त वाढत चाललाय.

माझ्या वयाच्या लोकांना पीएमपीओ, म्हणजे आवाजाची क्षणभराची कमाल पॉवर, आठवत असेल. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर लिहिलेलं असायचं, २००० वॅट पीएमपीओ, आणि भिंतीतल्या साध्या पिनेवर चालायचा तो. अमेरिकेत हा असाच प्रकार झाला तेव्हा तिथल्या सरकारी ट्रेड कमिशननं १९७४ मधे नियमच केला, की ॲम्प्लिफायरची पॉवर लिहायची तर ती कशी मोजली ते पण सांगायचं. आपल्याकडं लोकच हळूहळू आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी पॉवर, विचारायला लागले आणि पीएमपीओ मेला. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं घ्या, १५० एएच सी २० लिहितात, म्हणजे साडेसात अँपिअरनं २० तास. तीच बॅटरी दहा तासात रिकामी केली तर १५० निघणार नाहीत, म्हणून सोलरवाले सी १० चा आकडा वेगळा देतात. व्यापारी इथंही मोठाच आकडा पुढं करतो, पण निदान कुठल्या मापानं मोजलाय ते सांगून करतो. आणि जाता जाता, सी २० वेगळं आणि २० सी वेगळं, पहिल्यात २० तास आणि दुसऱ्यात तीन मिनिटं, यात आमच्या ग्रुपमधला एक बँकेतला मॅनेजर महिनाभर गोंधळलेला होता.

इलेक्ट्रिक स्कूटरची रेंज बघा, एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची आणि रस्त्यावरची यात फरक पडतो म्हणून सगळे ओरडतात. ओरडू देत. पण सगळ्या स्कूटर एकाच टेस्टमधनं गेल्यात म्हणून या गाडीपेक्षा ती गाडी जास्त जाते एवढं तरी कळतं. मोजपट्टी एक असली की खोटंसुद्धा सारख्याच मापानं खोटं होतं, ते चालेल. आमच्याकडं प्रत्येकाची पट्टी त्याच्या खिशात.

जुने लोक सांगतात की लिपो यायच्या आधी, निकेलच्या सेलच्या जमान्यात, शर्यतीच्या गाड्यांचे पॅक प्रत्येक सेल मोजून, जुळवून विकायचे. सेलवर छोटं लेबल, इतक्या अँपिअरला इतके सेकंद चालला, सरासरी इतके व्होल्ट, इतका रोध. प्रत्येक सेलचा वेगळा आकडा. अशी लेबलं मी फोटोत बघितलीत आणि खरं सांगतो, जुन्या रोजकीर्दीचं पान बघितल्यासारखं मन भरून आलं. म्हणजे येत नाही असं नाही. येत होतं, सोडून दिलं.

मला विचाराल तर "सी" लेबलवरनं काढूनच टाकावा. सरळ अँपिअर लिहा. २५ अंशावरनं सुरू करून, फुल बॅटरी सलग रिकामी केली आणि ६० च्या वर गेली नाही, असा करंट किती तो लिहा. बर्स्ट लिहायचाच असेल तर सेकंद लिहा, सेकंद नसतील तर बर्स्ट लिहू नका. प्रत्येक सेलचा रोध आणि तो कुठल्या तापमानाला मोजला ते, वजन ग्रॅममधे, आणि सेल बनल्याचा महिना, कारण लिपो कपाटात पडून पण म्हातारी होते. यातलं काहीही मोजायला लाखाची मशीन लागत नाही. अमेरिकेत रिमोटच्या गाड्यांची रोअर म्हणून संघटना आहे, ती शर्यतीला कुठली बॅटरी चालेल याची यादी स्वतः ठेवते, सरकारची वाट बघत बसत नाही. आपल्याकडं ड्रोन, विमान, गाड्यावाल्यांचे इतके ग्रुप आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, बीआयएस ची समिती बसेपर्यंत निदान मोजायला सुरुवात करायला कुणी अडवलंय?

हे फक्त आमच्यासारख्या नादिष्टांचं दुखणं असतं तर मी पेपरला लिहिलं नसतं. सांगोल्या-पंढरपूरकडं डाळिंबावर, उसावर ड्रोननं फवारणी सुरू झालीय. ती बॅटरी आमच्यापेक्षा कितीतरी मोठी, किंमत हजारांच्या घरात, आणि ती पोरं कर्ज काढून धंदा करतायत. तिच्यावर पण तोच सी आणि वर अजून एक आकडा, अमुक इतक्या सायकल, म्हणजे चार्ज करून रिकामी करायच्या फेऱ्या. किती करंटला, आणि किती टक्के कपॅसिटी उरेपर्यंत, ते नाही. ८० टक्क्यांपर्यंत मोजलं का ५० पर्यंत यात त्या पोराचा एक अख्खा हंगाम जातो. गड्ड्यात मिळणाऱ्या टॉर्चमधल्या सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं असतं, त्या मापाचा नावाजलेल्या कंपनीचा चांगला सेल ३५०० च्या आसपास जातो, तिथं आपण हसून सोडून देतो. शंभर रुपयाची टॉर्च आहे. कर्जाची बॅटरी हसून सोडता येत नाही.

आता आमच्यावर पण येतो, नाहीतर म्हणाल म्हातारा सगळ्यांना धुतोय. जी २५ सी वाली २१०० ची होती, ती विकणाऱ्या माणसाशी नंतर बोललो. तो म्हणाला माझा माल ३५ च्या पण पुढं जातो, पण मी २५ लिहितो कारण तेवढ्याची मी खात्री देतो. आणि विकला जातो का? नाही. लोक साइटवर येतात, सी चा फिल्टर लावतात, ७५ च्या वर, आणि त्याचा माल त्यांना दिसतच नाही. गेल्या वर्षी त्यानं पण एका खोक्यावर ६० छापून बघितलं, तीन आठवड्यात संपलं. सांगताना त्याला लाज वाटत होती. ती लाज आम्हाला वाटायला पाहिजे होती, फिल्टर आम्ही लावला होता.

तर संपादक साहेब, तुमच्याकडं दोन मागण्या आहेत. एक, बॅटरीची, पंपाची, पॉवरबँकची जाहिरात घेताना तुमच्या जाहिरात विभागानं फक्त एवढं विचारावं की हा आकडा कसा मोजला, आणि उत्तर आलं तर ते आकड्याखाली छापावं, नाही आलं तर आकडा गाळावा. पैसे तेवढेच घ्या. दुसरं, ज्यांच्याकडं अशा बॅटऱ्या पडून असतील त्यांनी आणाव्यात. माझ्याकडं काटा आहे, चार्जर आहे, वॉटमीटर आहे, तीन हजार रुपयाच्या आत सगळं झालं. रविवारी माळावरनं आलो की नऊनंतर रिकामाच असतो. मोजून वहीत लिहून ठेवतोय, तारीख, तापमान, वजन, रोध, कंपनी. आत्तापर्यंत ११ नोंदी झाल्यात, दोनशे झाल्या की वही घेऊन मीच तुमच्या ऑफिसात येतो. फुगलेली मात्र पिशवीत घालून बसमधनं आणू नका, आधी फोन करा, नंबर तुमच्याकडं वेगळ्या कागदावर दिलाय.

आपला,
एक जुना वाचक, साखर पेठ, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती, सुताच्या व्यापाऱ्यांवर पण लिहिलंय)

ता. क. – जोडीतली ती दुसरी १०० सी वाली फेकली नाही. कमी व्होल्टेजचा बझर लावून घरातल्या वायफायच्या डब्याला जोडलीय, लाइट गेली की चालू करतो, जेमतेम एक अँपिअर लागतो. काल लाइट गेल्यावर बझर एक तास ४५ मिनिटांनी वाजला. हिशेबाला बरोबर बसतं, १७४०.